झोपल्याचा पुरावा

लहानूच्या दोन्ही किडन्या गेल्या, त्याचं गावात कोणाला फारसं काही वाटलं नाही. किडनी दिसत नाही. झोप गेली ते मात्र सगळ्यांना दिसलं. रात्री-बेरात्री हा माणूस घोंगडी पांघरून बौद्ध वस्तीतून निघायचा, ग्रामपंचायतीच्या ओट्यापर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. पाय त्याला आडवं पडू देत नव्हते. पोटऱ्यांच्या आत कोणीतरी मुंग्यांची शाळा भरवल्यासारखं व्हायचं. चाललं की सुट्टी, पडलं की पुन्हा हजेरी. पहिले काही दिवस कुत्री भुंकली. मग कुत्र्यांनीही समजून घेतलं. एक काळं कुत्रं तर त्याला पाहून नुसती कूस बदलायचं, आणि लहानूला त्या कुत्र्याचा मनापासून हेवा वाटायचा.

घर एका खोलीचं आणि खाट एकच. मुलगा धम्मानंद कळमेश्वरच्या कारखान्यात रात्रपाळी करून यायचा आणि दिवसा खाटेवर पडायचा. रात्री खाट लहानूची. प्रेमिला, त्याची बायको, खाली सतरंजीवर. त्याचे पाय फारच झाडायला लागले की ती उठून पायांवर अंगाचा भार देऊन बसायची, आणि हमखास लाथ खायची. गालावर निळा वळ उमटला तेव्हा हापशीवरच्या बायांनी तिला बाजूला घेऊन विचारलं. तिनं सांगितलं, की हे मारणं नाही, आजार आहे. बायांनी मान हलवली. मारणाऱ्या नवऱ्याच्या बायका असंच सांगतात, हे त्यांना ठाऊक होतं.

डाव्या हातात, मनगटाच्या वर, डॉक्टरांनी दोन शिरा एकमेकींना जोडून दिल्या होत्या. डायलिसिसच्या सुया तिथं खुपसायच्या. त्या जागी बोट ठेवलं की आत मोटार चालू असल्यासारखं घुर्र लागायचं. त्या कुशीवर डोकं टेकलं की मोटार थेट कानात. शेजारच्या म्हाताऱ्या मैनाबाईनं एकदा हात लावून पाहिला आणि विचारलं, "रातच्यापुरती बंद नाई करता येत काय गा?"

आठवड्यातून दोनदा तो आणि प्रेमिला एसटीनं नागपूरला जायचे, तिथून ऑटोनं नंदनवनाकडच्या एका धर्मादाय दवाखान्यात. लहानूला खरी झोप लागायची ती फक्त मशीनवर. बाजूला रक्त फिरतंय, यंत्र टीटी करतंय, सिस्टर ओरडतेय, आणि हा गाढ. सुया निघाल्या की झोपही निघायची. एवढी झोप घरी घेऊन जाता आली असती, तर त्यानं डबा आणला असता.

आजारापूर्वी तो मार्तंडकडे सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. मार्तंडचं वावर नाल्याकाठी, गावातलं सगळ्यात मोठं. नांगरटीपासून खळ्यापर्यंत सगळं लहानूच्या अंगावर. हाताच्या शिरा जोडल्या आणि डाव्या हातानं वजन उचलायचं नाही असं डॉक्टरनं सांगितलं, त्या आठवड्यात मार्तंडनं त्याला चहा पाजला आणि म्हणाला, आता आराम कर. तेव्हापासून 'आराम' हा शब्द कोणी काढला की लहानूला आईवरून शिवी दिल्यासारखं वाटायचं.

यंदा हरभऱ्याला घाटे धरले आणि नाल्यातून रानडुकरं आली. रात्रीतून बांधच्या बांध उकरून जायची. सहा जणांची वावरं एका रेषेत, सहाही जणांची मिळून एक जागली असायची. मचाणावर एक माणूस, बॅटरी, तेलाचा रिकामा डबा आणि तो बडवायला दांडकं. पण जागली करणारा जुना माणूस कळमेश्वरच्या कारखान्यात वॉचमन लागला होता. तिथं झोपायला खुर्ची होती.

तेव्हा मार्तंड लहानूच्या घराकडे आला. अंगणात आला नाही, गल्लीतच उभा राहिला.

"झोप येते का गा लहानू?"

"नाई येत, भाऊ."

"बिलकुल नाई?"

"बिलकुल."

मार्तंडनं समाधानानं मान हलवली. या उत्तरावर खूश झालेला लहानूनं पाहिलेला तो पहिला माणूस.

मजुरी म्हणजे हरभरा निघाला की सहाही खळ्यांवरून वाटा. प्रेमिला नको म्हणाली, थंडीचं कारण दिलं. धम्मानंद म्हणाला, बाबा, तुम्ही बिमार माणूस, लोक मले काय म्हणतीन. लहानूनं पेटीतून जुनं सालदारकीचं धोतर काढलं आणि कमरेला किती सैल होतं ते पाहिलं.

आणि काम त्याला असं बसलं, जसा कुऱ्हाडीला दांडा. पाय म्हणायचे चाल, मचाण म्हणायचं गस्त घाल. बाकीच्यांना जे मुद्दाम करावं लागतं ते याला केल्याशिवाय राहवत नव्हतं. तो बांधावरून फिरायचा, डबा वाजवायचा, पुन्हा फिरायचा. थंडीनं नाकातून पाणी यायचं, हाताची मोटार स्वेटरच्या आत घुरघुरायची. सकाळी उतरताना गुडघे वाजायचे, डोळे लाल. पण रस्त्यात भेटणारा माणूस आता 'तब्येत कशी' विचारत नव्हता, 'आले होते का' विचारत होता. लहानू म्हणायचा, आले होते, गेले. एवढं बोलताना तो वर्षभरानंतर पुन्हा ताठ उभा राहायचा.

डुकरं पुढच्या गावाच्या हरभऱ्यात सरकली. त्या गावचा एक शेतकरी एक दिवस मोटारसायकलवर चौकशीला आला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमच्याकडे अजून एखादा डायलिसिसवाला आहे का, आमच्याकडे साखरेचे दोन आहेत पण ते झोपतात.

भानगड दवाखान्यात सुरू झाली. तिथं दीप्ती मॅडम नावाची नवी डॉक्टर आली होती. ती डायलिसिसच्या पेशंटांच्या झोपेचा अभ्यास करत होती. बेडजवळ स्टूल घेऊन बसायची आणि विचारायची, पडल्यावर झोप किती वेळानं लागते, मधे मोडते का, दिवसा डुलक्या येतात का. शेजारच्या बेडवर इतवारीतला भांड्यांचा व्यापारी संजीव असायचा. त्यानं आपल्या झोपमोडीचं असं वर्णन केलं, की दुकानातलं पितळ विकतोय असं वाटावं. मॅडमनं त्याला लगेच गोळी लिहिली. पुढच्या खेपेला संजीव सांगत होता, की रात्री असा झोपतो की बायको नाकाशी सूत धरून बघते.

लहानूनं हे ऐकलं आणि मनात हिशेब मांडला. गोळीनं झोप लागते. झोप लागली की जागली गेली. जागली गेली की आराम.

त्याच्याजवळ स्टूल आलं तेव्हा तो म्हणाला, झोप एकदम मस्त.

"रात्री मधे मोडत नाही?"

"एकदाबी नाई." हे खरंच होतं. मोडायला ती आधी लागावी लागते.

"आणि दिवसा डुलकी वगैरे? बोलता बोलता, जेवताना..."

लहानू नाही म्हणायला तोंड उघडून तसाच झोपला.

दीप्ती मॅडमनं पेनाचं टोपण लावलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या प्रेमिलाकडे गेली. घरी पाय झाडतात का, असं विचारलं. प्रेमिलानं पदर सरकवून गाल दाखवला. मग रात्रभर करतात काय, मॅडमनं विचारलं. डुकरं हाकलते, प्रेमिला म्हणाली. मॅडमच्या कागदावर त्याला रकाना नव्हता. ती प्रेमिलाशेजारीच बाकावर बसली आणि साध्या शब्दांत सांगितलं, की या आजारात पाय असे होतात, त्यावर इलाज आहे. लोहाचं इंजेक्शन मशीनवरच देऊ, दुपारनंतर चहा बंद, रात्री जेवणानंतर एक गोळी. आणि असंच जागत राहिले तर हृदय थकेल. मग किती दिवस चालेल, सांगता येणार नाही.

परतीच्या एसटीत लहानूनं गोळ्यांची पट्टी हातात घेतली, मागून पुढून पाहिली, आणि खिडकीतून बाहेर टाकली. प्रेमिलानं पाहिलं. पुढच्या खेपेला तिनं मॅडमला सांगितलं की पट्टी एसटीतून पडली, आणि दुसरी घेतली.

जेवणासोबत त्याला फॉस्फरसच्या पांढऱ्या गोळ्या खायच्या असत. दवाखान्यातून त्या दर खेपेला वेगळ्याच कंपनीच्या मिळायच्या, कधी चपट्या, कधी लांबुडक्या. जागलीवरच्या डब्यात प्रेमिला भाकरी, भाजी आणि कागदाच्या पुडीत त्या गोळ्या द्यायची. दुसरी पट्टी आली त्या रात्री पुडीत एक गोळी वेगळी होती. लहानूनं न मोजता सगळ्या घोटभर पाण्यात गिळल्या. डॉक्टरांनी त्याला दिवसभराचं पाणीच मोजून दिलं होतं, एकेक गोळी निरखून वेगळी गिळण्यात ते घालवणं परवडत नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा तोंडावर ऊन होतं. पहिलं त्याला वाटलं आपण मेलो. पण मेल्यावर हरभरा दिसतो असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मग पाखरं ऐकू आली, घोंगडीवरचं दव हाताला लागलं, आणि आपण झोपलो होतो हे ध्यानात आलं. तो धावत बांधावरून फिरला. डुकरं आली नव्हती. त्यानं कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या रात्री त्यानं पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधून दुसरं टोक डब्याला बांधलं. सकाळी डबा मचाणाखाली पडलेला होता, सुतळी अंगठ्यालाच होती, आणि ऊन तोंडावर. सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे त्याला बरं वाटत होतं. पोटऱ्या हलक्या, डोकं स्वच्छ, भूक लागलेली. तो मचाणावरून उतरला तो शिडीच्या दोन पायऱ्या गाळून. चोरी पचल्यावर माणूस असा उतरत असेल, असं त्याच्या मनात आलं. प्रेमिलानं त्याला दोन भाकरी खाताना पाहिलं आणि चुलीकडे तोंड फिरवलं.

तिसऱ्या रात्री डुकरं आली.

सकाळी सहाही जण बांधावर जमले. मार्तंडच्या वावरात मोठा तुकडा उकरलेला, झाडं मुळासकट उलटी, घाटे चिखलात. बाकी पाच जणांच्या हरभऱ्याला धक्का नव्हता. लहानू डबा हातात घेऊन उभा होता. तो कुठं ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं.

पहिला बोलला गिरिधर, ज्याचं वावर मार्तंडला लागून होतं. "सगळ्यायचे बांध एका लायनीत. माह्या हरभऱ्याले नाक लावलं नाई. गेले तं सीधे मार्तंडभाऊच्याच वावरात. डुकरायले पत्ता कोणी देल्ला?"

"मी झोपलो होतो," लहानू म्हणाला.

दोघं-तिघं हसले.

"तू?" मार्तंड म्हणाला. "लहानू, खोटं बोलाचं तं जमन असं बोल. तू झोपत नाई म्हणून तं तुले ठेवलं."

"झोपलो होतो, भाऊ. तीन रात्री झाल्या. काहून, ते मले माहीत नाई."

"सालातून काढलं होतं ना," गिरिधर मातीकडे पाहत म्हणाला. "यायच्या मनात राह्यतेच."

'यायच्या' म्हणजे कोणाच्या, हे कोणी विचारलं नाही. सगळे हरभऱ्याकडे पाहू लागले. लहानूच्या हातातल्या मोटारीचा आवाज त्याचा त्यालाच ऐकू येत होता. जागली गेली, हे त्याला उकरलेली माती पाहूनच कळलं होतं. ते तो सोसणार होता. पण सूड म्हणून मार्तंडचं पीक डुकरांना चारलं, हे एकदा गावात बसलं, की ते धम्मानंदच्याही अंगाला चिकटणार होतं, आणि कोणत्याही मशीननं निघणार नव्हतं.

"डुकरायले मी काय नावं वाचून दाखवली?" तो म्हणाला. "झोपलो होतो. त्याची काय सजा असन ते द्या. दुसरं माह्या नावावर टाकू नका."

मग पुराव्याची गोष्ट निघाली. झोपला असेल तर घोरला असेल. कोणी ऐकलं का? तेव्हा गिरिधरला सांगावं लागलं, की तो रात्री पाण्याची मोटार पाहायला आला होता आणि मचाणाच्या बाजूनं डुकराचा घुरघुराट ऐकला होता. त्याला वाटलं, डुक्कर मचाणावर चढलं.

"मंग तू काय केलं?" मार्तंडनं विचारलं.

"घरी गेलो."

यावर विचार झाला. मार्तंड म्हणाला ते घोरणं असू शकते. गिरिधर म्हणाला डुक्करही असू शकते. शेवटी मार्तंडनं निकाल दिला. "असं कर लहानू. झोपून दाखव. आमी डोळ्यानं पाहू. मंग तुह्या शब्दाले मी ना नाई म्हणणार."

"आत्ता?"

"हाव."

"आत्ता कशी येइन, भाऊ? रातभर तं झोपलो."

हे सगळ्यांना पटलं. पटलं म्हणजे प्रश्नच मिटला, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी जेवणं उरकून लहानूच्या घरी जमायचं ठरलं.

सहाही जण आले. या अंगणात त्यांच्यापैकी कोणी कधी बसलं नव्हतं. धम्मानंद त्या रात्री पाळीवर जायचा थांबला होता. त्यानं खुर्च्या आणल्या, शेजाऱ्यांकडून दोन प्लास्टिकच्या, एक समाजमंदिरातली. बाकीचे ओट्यावर टेकले. अंगणाच्या मधे खाट. खाटेवर लहानू, घोंगडी छातीपर्यंत. आतल्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोवरचा छोटा बल्ब तेवढा ठेवून धम्मानंदनं बाकीचे दिवे मालवले.

लहानूनं डोळे मिटले. सहा माणसं आपल्या पापण्यांकडे बघताहेत, हे पापण्यांना कळत होतं. गिरिधर खोकला. कोणाचा तरी मोबाईल वाजला आणि तो बायकोला कुजबुजत म्हणाला, झोप पाहून राहिलो, मंग येतो. लहानूचे पाय हलायला लागले. आधी अंगठा, मग टाच, मग आख्खी पोटरी. त्यानं पाय दाबून धरायचा प्रयत्न केला. खाट करकरली.

"पाहून घ्या," गिरिधर म्हणाला. "हा माणूस झोपते?"

प्रेमिला घरातून बाहेर आली. एका हातात स्टीलची छोटी वाटी, तळाशी घोटभर पाणी. दुसऱ्या हातात गोळ्यांची पट्टी. खाटेजवळ उभी राहून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"उठून बसा. ही घ्या."

"कायची?"

"पायाची. अन् झोपेची. तुमी खिडकीतून फेकली होती तसलीच. तीन रात्री झाल्या, फास्फरसच्या पुडीत टाकून मीच देऊन राहिली."

लहानू बायकोकडे असा पाहत राहिला, जणू तिनं त्याची बैलजोडी विकली होती.

"तुले माहीत होतं," तो हळू म्हणाला, "मी कायच्यासाठी जागून राहिलो ते."

"माहीत होतं. डाक्टरीण म्हणाली, असा जागला तं मरते. मले काम नसलेला नवरा चालते. मेलेला नाई चालत."

तिनं पट्टीतून गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. लहानूनं ती पाहिली. न घ्यावी, तर तो अजून गावाचा न झोपणारा माणूस होता, फक्त बेइमान. घ्यावी, तर त्याचा शब्द खरा ठरत होता आणि पुन्हा आराम कपाळी येत होता. मार्तंड खुर्चीत पुढे वाकला. धम्मानंद जमिनीकडे पाहत होता.

लहानूनं गोळी तोंडात टाकली, वाटीतलं पाणी प्यायला, वाटी उलटी करून सगळ्यांना दाखवली आणि आडवा झाला.

प्रेमिला खाटेच्या पायथ्याशी बसली आणि त्याचे पाय मांडीवर घेतले. वेळ गेला. थंडी वाढली, तसे ओट्यावरचे लोक एकमेकांना खेटले. धम्मानंदनं कारखान्यात फोन करून सांगितलं, की येत नाही, घरी बाबा झोपून राहिले. पलीकडच्या माणसाला हे रजेचं कारण वाटेना, तेव्हा त्यानं फोन ठेवून दिला. गल्लीत पोरं ओरडत होती, मार्तंडनं स्वतः उठून त्यांना गप्प केलं. कोणीतरी विडी पेटवायला काडी काढली. मार्तंडनं डोळे वटारले, काडी परत पेटीत गेली. लहानूची टाच अजून अधूनमधून उडत होती. मग उडायची थांबली. मग बोटं सैल झाली. तोंड जरासं उघडलं, आणि अंगणात घुर्रर्र असा आवाज झाला, मधेच बंद पडला, आणि पुन्हा दणक्यात सुरू झाला.

गिरिधर ओट्यावरून अर्धा उठला. "हाच," तो कुजबुजला. "हाच आवाज होता."

"डुक्कर?" मार्तंडनं कुजबुजत विचारलं.

गिरिधर खाली बसला.

मार्तंड खाटेजवळ आला. वाकून बराच वेळ पाहत राहिला, जसं बैल विकत घेताना दात पाहतात. मग प्रेमिलाला हळू आवाजात म्हणाला, की पटलं. त्याला उठव, मी त्याच्या तोंडावर सांगतो.

"नाई उठवत," प्रेमिला म्हणाली.

"अवं, दोन मिन्टं. चुकलं म्हणतो न् जातो."

"मले सांगा. मी सकाळी सांगीन."

मार्तंडनं मागे वळून पाच जणांकडे पाहिलं. मग घसा साफ करायला गेला, आवाज होईल म्हणून थांबला, आणि तसाच घोगऱ्या आवाजात म्हणाला, "चुकलं, म्हणा त्याले. खळ्यावरचा वाटा ठरला तेवढाच भेटन." थोडं थांबून म्हणाला, "दिवसा संत्र्यात माकडं येऊन राहिले. राखणीले माणूस पाह्यजे. दिवसा तं जागा राह्यते ना?"

"मशीनवर सोडून," प्रेमिला म्हणाली.

आज रात्रीच्या जागलीचं काय, हे कोणी मोठ्यानं विचारलं नाही. मार्तंडनं गिरिधरकडे बोट केलं. गिरिधरनं तोंड वाकडं केलं, पण आवाज केला नाही.

ते निघाले. गिरिधरच्या चपलेनं पहिल्याच पावलाला फटाक केलं, आणि खाटेवर लहानूचं घोरणं अडलं. सगळे जागच्या जागी थिजले. घोरणं पुन्हा सुरू झाल्यावर मार्तंड वाकला, त्यानं चपला पायातून काढल्या आणि हातात घेतल्या. बाकीच्यांनी पाहिलं आणि तसंच केलं. मग सहाही जण चपला हातात धरून, गार मातीत एकेक पाऊल जपून टाकत, बौद्ध वस्तीच्या गल्लीतून एकामागोमाग एक निघाले.

मैनाबाई दारात उभी होती. तिच्या आयुष्यात तिनं पुष्कळ माणसांना हातात चपला घेऊन चालताना पाहिलं होतं, पण या दिशेनं, या माणसांना नाही. ती शेवटचा माणूस वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिली. मग काठी टेकत प्रेमिलाच्या अंगणात आली, खाटेकडे पाहिलं आणि घाबरून पदर तोंडाला लावला.

"गेला काय वं?"

"नाई," प्रेमिला म्हणाली. "झोपले. हळू बोला."